मिटलेल्या दोन डोळ्यांची राखण

माझी सासू खोरलो बेचाळीस वर्षं एका झऱ्याची माफी मागत होती. हे फक्त मला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याला, ओचिरला, ठाऊक नव्हतं, आणि तो तर तिच्या पोटचा.

आमच्या झऱ्याला पूर्वी तीन डोळे होते. उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या खड्यांचं मैदान संपून देरस गवताचे पुरुषभर उंच झुबके सुरू होतात तिथं, पाच-सात पावलांच्या अंतरानं तीन जागी वाळूतून पाणी वर यायचं. मी सून होऊन आले तेव्हा एकच डोळा जिवंत होता. बाकीचे दोन म्हणजे कडेला पांढरा खार धरलेले कोरडे खड्डे. खोरलो मात्र रोज सकाळी तिन्ही साफ करायची. झऱ्याला लोखंड लागू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. त्यामुळे फावडं नाही, सुरी नाही, साधा पत्र्याचा डबाही नाही. वाऱ्यानं आलेली वाळू, लेंड्या, गवताच्या काड्या ती ओंजळीनं बाहेर काढायची. मग लाकडी पळीनं सकाळचं पहिलं दूध काठच्या दगडांवर शिंपडायची, पाण्यात एक थेंब जाणार नाही अशा बेतानं, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची.

मी शाळा शिकलेली, वसतिगृहात राहिलेली. त्यातून जीभ जन्मापासूनच जरा लांब. आठवडाभरात मी म्हटलं, "आई, त्या दोन खड्ड्यांत आहे काय? कोरडं भांडं कुणी रोज घासतं का?"

"तुला घासायला सांगितलंय का कुणी?" ती म्हणाली. "चहा उतू चाललाय तिकडं. तेवढं जमतंय का बघ."

हे आमचं पहिलं भांडण. पुढची बरीचशी याच सुरात झाली, आणि दरवेळी चहा खरंच उतू गेलेला असायचा.

तिसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपणानंतर महिनाभर बाईनं झऱ्याकडं फिरकायचं नाही, असं खोरलोनं बजावून ठेवलं होतं. मी दहाव्या दिवशी मुलीची दुपटी लाकडी बादलीत घालून निघाले. तंबूत बसून अंग आंबून गेलं होतं, आणि पाणी घेऊन लांब जाऊनच धुणार होते मी, झऱ्यात थोडीच बुचकळणार होते? निम्म्या वाटेवर तिनं मला गाठलं. धावत आली होती. बादली हिसकावून तिनं भिरकावली ती पार खड्यांत गडगडत गेली. मी आयुष्यात कुणाच्या हातचा मार खाल्ला नव्हता. त्या दिवशी खाणार असं वाटलं.

पण तिनं मला मारलं नाही. ती तिथंच खाली बसली. दम लागला होता. ओचिर उंटांच्या मागं तीन दिवसांच्या वाटेवर गेलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"ओचिरच्या आधी मला एक झाला होता," ती म्हणाली. "मेंढीच्या वर्षी. सातव्या महिन्यातच आला. एक रात्र आणि अर्धा दिवस जगला. तुझे सासरे मिठाच्या तळ्यावर गेलेले, घरात मी एकटी. त्याला लोकरीच्या नमद्यात गुंडाळून, रिवाजाप्रमाणे उघड्यावरच, त्या उतारावर ठेवून आले. परत आले तर कोकराचं कातडं तसंच पडलेलं. त्याच्यावरच तो झाला होता. सगळं रक्त. मला ते बघवेना गं. वाऱ्याचे दिवस, बाकी सगळं पाणी दगडासारखं गोठलेलं, झऱ्याचं तेवढं कोमट. बादली उचलून लांब न्यायची अंगात ताकद नव्हती."

ती थांबली. पुढचं मला आधीच कळलं होतं.

"मधल्या डोळ्यातच धुतलं मी ते. हात घालून. रक्त पाण्यात गेलेलं बघत होते आणि मला माहीत होतं मी काय करतेय."

आमची वर्षं बारा जनावरांच्या नावांनी चालतात; त्या मेंढीच्या वर्षाच्या उन्हाळ्यात मधला डोळा आटला. शरद ऋतू येईपर्यंत दुसराही गेला. तेव्हा आमच्या झऱ्यावर पाच घरं होती. पाठ-मंत्रांना सरकारची बंदी, ते चोरून करायचे दिवस होते. एक म्हातारबुवा रात्री दार लावून पोथी वाचायचे. त्यांनी सांगितलं, कुणीतरी पाणी विटाळलंय, पाण्याचे मालक रुसलेत. खोरलो बायकांत उभी राहून हे ऐकत होती. कुणाला तिचा संशय आला नाही. मूल पोटातच गेलं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. एका डोळ्याचं पाणी पाच घरांच्या कळपांना पुरेना, तेव्हा चार घरं उठून गेली. त्यांतल्या दामदिनची म्हातारी आई तर झऱ्याला पाठ दाखवायची नाही म्हणून देरसच्या झुबक्यांपर्यंत उलट्या पावली गेली, रडत. खोरलोनं रिवाजाप्रमाणे चारी घरांना निघताना गरम चहा नेऊन दिला.

"दोघांतला एक तरी डोळा उघडलेला बघितल्याशिवाय मी मरायची नाही, सुवदा," ती म्हणाली. "तो उघडला म्हणजे माझ्या पोराच्या माथी काही उरलं नाही, असं मी समजेन. त्याचा काय दोष होता? एक दिवस तर होता इथं."

मग तिनं उठून बादली शोधून आणली, दुपटी गोळा केली आणि लांब खड्यांत नेऊन स्वतः धुतली. ओचिरला यातलं काही सांगायचं नाही, असं तिनं मला दटावून सांगितलं. माझ्या लांब जिभेला पहिल्यांदा कुलूप लागलं ते तेव्हा.

त्यानंतर मी त्या खड्ड्यांची चेष्टा केली नाही. मला ते सगळं पटलं होतं असं मात्र नाही. पाण्याला राग येतो, हे मला शाळेनं कधी शिकवलं नव्हतं.

एक मात्र कबूल करते. पाण्याबद्दल जे तिला कळायचं ते शाळेत कुणालाच कळत नव्हतं. आमच्या मुलखात डोंगर एकीकडं, पाणी भलतीकडं. कोरड्या नदीच्या पात्रात रानगाढवं टापांनी हात-हातभर खड्डे उकरतात, ते कुठं उकरतात हे ती दरवर्षी लक्षात ठेवायची. झाऊची झुडपं कुठल्या ओळीत हिरवी राहतात, उन्हं उतरताना चिलटं कुठं घोंगावतात, हिवाळ्याच्या सकाळी खड्यांवरचं गोठलेलं दव कुठं आधी वितळतं, सगळं तिच्या डोक्यात. कुणाची विहीर आटली की माणूस उंटावर बसून तिच्याकडं यायचा. विहिरीला फावडं चालतं, नेम झऱ्यापुरताच.

एका पावसाविना गेलेल्या वर्षी जाम्यान आला. त्या गेलेल्या चार घरांपैकी एकाचा नातू. खोरलो त्याच्याबरोबर नदीच्या पात्रात चालत गेली, मीही गेले. दिवसभर ती नुसती चालली. संध्याकाळी एका जागी थांबून म्हणाली, "इथं."

जाम्याननं चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडं तीच वाळू. "काकी, तुमच्या नाकात पाणी शिरलंय की काय?"

"माझ्या नाकात तुझ्या बोकडाचा वास शिरलाय. खण मुकाट्यानं."

दोन पुरुष खोल पाणी लागलं. जाम्यान ओल्या वाळूत गुडघे टेकून हसत होता. तो मेंढी देऊ लागला, ती तिनं घेतली नाही. कधीच कुणाकडून घेतली नाही. आणि तिनं पाणी शोधून दिलेल्या लोकांत त्या चार घरांची मुलं-नातवंडंच जास्त होती, हे माझ्याखेरीज कुणी मोजलं नसेल. लोक म्हणायचे, खोरलोचं मन मोठं. मला वाटायचं, बिचारी फेडतेय.

झऱ्याचा मात्र एकही डोळा उघडला नाही. वर्षांमागून वर्षं गेली. सहकारी कळप मोडले, जनावरं घराघरांत वाटली गेली, सासरे वारले, माझी मुलगी शाळेला गेली. खोरलोच्या बोटांची पेरं सुजून सरळ होईनाशी झाली, आणि त्या वाकड्या बोटांनी ती रोज वाळू काढत राहिली. ओचिर तिला सारखा चिडवायचा, "आई, माझे डोळे कधी एवढे साफ केले नाहीस."

"तुझे उघडतात तरी कुठं दुपारपर्यंत?" ती म्हणायची, आणि तोंड फिरवायची.

त्या मेंढीच्या वर्षानंतर बेचाळीस वर्षांनी, बैलाच्या वर्षी, राजधानीहून एक बाई आली. मांदाख तिचं नाव; गुबगुबीत, उन्हानं नाक सोललेलं, गळ्यात दोरीला बांधलेली वही. झरे मोजायचं तिचं काम. किती पाणी येतं, किती गार, किती खारट. पहिल्याच दिवशी ती पत्र्याचं माप घेऊन डोळ्याकडं वाकली आणि खोरलो तिच्या आडवी आली.

"लोखंड नाही चालायचं."

"बरं आजी. प्लास्टिक चालेल?"

खोरलोनं जरा विचार केला. "त्याबद्दल जुन्या लोकांनी काही सांगून ठेवलेलं नाही," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मांदाख चार दिवस आमच्याकडं राहिली. मी तिच्याबरोबर डोंगराची सोंड चढून पलीकडं गेले. तिथं पूर्वी सहकारी कळपांसाठी चाऱ्याचं मोठं शेत होतं. आता नुसते बांध उरलेत आणि मध्ये गंजलेलं इंजिन. त्याच्या शेजारी जमिनीतून लोखंडी नळ वर आलेला. तिनं त्यात दोरी सोडली. दोरी सुटतच राहिली.

"तुमचे दोन डोळे कधी मिटले म्हणालात?" तिनं विचारलं.

"मेंढीच्या वर्षी. उन्हाळ्यात."

तिनं वहीची पानं उलटली. "ही बोअर त्याच्या आधीच्या शरदात मारलीय. इंजिन सुरू झालं मेंढीच्या वर्षी, वसंतात." मग ती खड्यांत बसली आणि काठीनं रेघा ओढून मला दाखवू लागली. डोंगराच्या पोटात खडक तडकलेला आहे, त्या तड्यांतून इकडचं पाणी तिकडं तुमच्या झऱ्याला जात होतं. या बोअरनं ते इकडच्या इकडंच ओढलं. चोवीस वर्षं उपसलंय. आता बंद आहे, भरेल हळूहळू. "पण पाऊस कमी झालाय, ताई. वीस वर्षं लागतील, पन्नास लागतील. कदाचित नाहीच येणार."

मी तिचं पुढचं ऐकलंच नाही. पहिलंच ऐकून मला नाचावंसं वाटत होतं. डिझेलचं इंजिन! इतकी वर्षं त्या बाईनं स्वतःला जाळलं, आणि चोर डोंगरापलीकडं धडधडत होता, आणि आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नाही. पाण्याला विटाळ झाला की ते रुसतं, हे आम्हांला पाठ. पाणी डोंगराखालून चोरता येतं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मांदाख दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत मी खोरलोला सांगून टाकलं. रेघा ओढून सांगितलं, वर्ष-महिन्यानिशी सांगितलं. आपण तिच्या पायांतली बेडीच तोडतोय असं मला वाटत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातला वाडगा चुलीच्या कडेला ठेवला. "इंजिन," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती झऱ्यावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पलंगावर दाराकडं पाठ करून पडून राहिली. ओचिरला वाटलं ताप आलाय. त्यानं हाडांचा रस्सा केला, तो तसाच गार झाला. त्या दोन दिवसांत वारा सुटला, तहानलेले उंट आत शिरले आणि डोळ्याचा काठ तुडवून गेले. पाणी गढूळ झालं. चौथ्या सकाळी मीच गेले, गुडघ्यांवर बसले आणि हातानं चिखल उपसू लागले. उपसेन तेवढा परत आत घसरत होता. माझं मलाच रडू येत होतं. कुणी विचारलं होतं मला? शहाणपणा पाजळायची ही हौस मला कुठून लागली?

"असं नाही काढायचं. काठ आधी दाबायचा."

ती मागं उभी होती. केस मोकळे, अंगावर झोपेतलाच डगला, आणि काखेत काहीतरी. ती माझ्या शेजारी बसली आणि तळव्यानं काठ दाबू लागली. बराच वेळ आम्ही दोघी काम करत राहिलो. पाणी निवळायला लागलं.

"तुझ्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. "होता. दोन दिवस होता. तुझ्या तोंडात वाळू कोंबावीशी वाटत होती."

"कोंबायची होती."

"त्या पोरासाठी मी एवढंच केलं होतं, सुवदा. पाजलं नाही, अंगाई म्हटली नाही. त्याच्यापायी पाप केलं आणि रोज त्याची माफी मागितली. तेवढाच आमचा दोघांचा संबंध. तू येऊन सांगितलंस, पाप नव्हतंच. म्हणजे मग काय उरलं? माझ्याकडं त्याचं काय उरलं?"

मी काठ दाबत राहिले.

तिनं काखेतली वस्तू मांडीवर ठेवली. ते कोकराचं कातडं होतं. तिच्या पेटीच्या तळाशी ते मी कितीदा पाहिलं होतं, लाकडासारखं कडक झालेलं, आणि एकदा "हे टाकून देऊ का?" विचारल्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. आता ती त्यावरून हात फिरवत होती.

"नाव ठेवलं नव्हतं मी त्याचं," ती म्हणाली. "मनातसुद्धा नाही. ज्याच्यापायी पाणी गेलं, चार घरं देशोधडीला लागली, त्याला नाव कसं ठेवायचं? नाव असतं तर शिव्या त्या नावाला लागल्या असत्या. बिननावाच्याला लागत नाहीत. म्हणून तसाच ठेवला."

मग ती मधल्या, कोरड्या डोळ्याकडं गेली. आमच्याकडं बाळाचं नाव घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या कानात तीनदा सांगतं. ती पालथी झोपली, तोंड त्या खड्ड्याशी नेलं, आणि तीनदा काहीतरी म्हणाली. मी लांब उभी होते. वारा होता; मला ऐकू आलं नाही. उठली तेव्हा तिच्या ओठांना खार लागला होता. तो तिनं पुसला नाही.

घरी येताना ती म्हणाली, "तोगतोख." थांब, राहा, असा त्याचा अर्थ, ज्यांची मुलं जगत नाहीत ते असं नाव ठेवतात. "तुला म्हणून सांगितलं. कुणाला तरी ठाऊक पाहिजे."

"ओचिरला सांगू?"

"मी आहे तोवर नको. एवढी वर्षं लपवलं म्हणून रुसून बसेल तो, आणि त्याला समजावायला मला आता जोर नाही. मी गेल्यावर त्यानं विचारलं तर सांग."

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. रोज सकाळी तिन्ही डोळे साफ केले, फक्त आता पुटपुटणं बंद झालं. मधल्या डोळ्यापाशी ती बसायची आणि चांगलं मोठ्यानं बोलायची. बकरी व्यायली, सुवदानं पुन्हा चहा जाळला, थोरल्या नातीचं लग्न ठरलं. ओचिर म्हणायचा, आईला म्हातारपण लागलं. डोळा उघडला नाही. शेवटच्या वसंतात ती उठेनाशी झाली, तेव्हा मला रोज विचारायची, "ओल आहे का गं?" मी एकदाही खोटं बोलले नाही. नाही म्हणायचे. ती मान हलवायची आणि म्हणायची, "राहू दे. पोरगा सावकाशीचा आहे."

एका वादळी दुपारी ती गेली. ते कातडं मी तिच्या उशाखाली ठेवून दिलं.

तिच्यानंतर हे काम माझ्याकडं आलं. काठ आधी दाबते, मग वाळू काढते. दूध दगडांवर शिंपडते. मधल्या डोळ्यापाशी बसून मीही बोलते. मला तर बोलायला निमित्तच हवं असतं. गेल्या वसंतात एका सकाळी मी तिथं बसून हाक मारत होते, "तोगतोख, अरे उन्हं वर आली, उठ की आता." मागं खडे वाजले. ओचिर उंटाची दोरी हातात धरून उभा होता.

"कुणाला हाक मारतेस?"

त्यानं विचारलं होतं. मी हात डगल्याला पुसले.

"तुझ्या थोरल्या भावाला," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मेंढीचं वर्ष, कोमट पाणी, कातडं, इंजिन. सांगायला फार वेळ लागला नाही.

तो रुसला नाही. त्यानं कमरेची सुरी सोडून लांब एका दगडावर ठेवली, बुटांच्या टाचेची लोखंडी नाल आठवून बूटही काढले, आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून विचारलं, "आधी काठ दाबायचा ना?"